नेम न धरता नेमबाज कसे व्हावे

जुनी नेमबाजीची मासिकं जमवण्याच्या छंदाला बंदूक लागत नाही. परवाना लागत नाही, नेम तर अजिबात लागत नाही. लागते एक कोरडी खोली, आणि घरात असं एखादं माणूस जे "हे आता कुठे ठेवणार?" असं दर शनिवारी विचारूनही घर सोडून जात नाही. ही दुसरी अट पुरी होत नसेल तर पोस्टाची तिकिटं जमवावीत.

अमेरिकेत राहणाऱ्या होतकरूनं सुरुवात 'अमेरिकन रायफलमन'पासून करावी. ते सर्वोत्तम आहे म्हणून नव्हे, सर्वांत जास्त सापडतं म्हणून. नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना ते घरपोच येई आणि सभासद ते टाकून देत नसत. सभासद गेले की मुलं गठ्ठेच्या गठ्ठे गॅरेज सेलमध्ये मांडतात. त्या वेळी चेहरा शोकाकुल ठेवावा आणि हात गठ्ठ्यावर.

भाव करण्याआधी थोडा इतिहास पाठ हवा. १८८५ साली बॉस्टनमध्ये 'द रायफल' नावानं हे मासिक निघालं. १८८८ मध्ये ते 'शूटिंग अँड फिशिंग' झालं, म्हणजे मासेही आले. १९०६ मध्ये 'आर्म्स अँड द मॅन' झालं, मासे गेले. १९१६ साली तेव्हाच्या मालकानं अख्खं मासिक असोसिएशनला एका डॉलरला विकलं, आणि १९२३ पासून आजचं नाव आहे. एका अंकाला दहा डॉलर मागणाऱ्याला हा एक डॉलरचा व्यवहार गंभीरपणे ऐकवावा. किंमत कमी होत नाही, पण आपण जाणकार आहोत हे कळून तो चांगले अंक टेबलाखालून वर काढतो आणि पंधरा मागतो.

अंक घरी आला की शेवटच्या पानापासून वाचायचा. पुढच्या पानांवरचे लेख वाचले नाहीत तरी चालतं. बंदुकांवर लिहिणारा आयडाहोचा एल्मर कीथ म्हणणार, गोळी मोठी आणि वजनदार हवी. 'आउटडोअर लाइफ'चा जॅक ओकॉनर म्हणणार, पॉइंट टू सेव्हन्टी कॅलिबरची हलकी आणि वेगवान गोळी पुरे. हा वाद कित्येक वर्षं चालला. मधले वीस अंक हरवले असले तरी वाचकाला काही चुकल्यासारखं वाटत नाही. जाहिरातींचं तसं नाही. तिथे एक महिना चुकला तर एक युग चुकतं.

उदाहरणार्थ, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आयव्हर जॉन्सन कंपनीची जाहिरात. झोपायच्या झग्यातली एक चिमुरडी बिछान्यात बसलीय, जवळ बाहुली आहे, हातात रिव्हॉल्व्हर आहे, आणि बाबा म्हणालेत की यानं आपल्याला काही इजा होणार नाही, असा मजकूर. कंपनीला सांगायचं होतं की चाप ओढल्याशिवाय हे रिव्हॉल्व्हर उडत नाही. हातोडीनं ठोकलं तरी नाही. विशेष म्हणजे ही कंपनी सायकलीही बनवत असे. पोर सायकलवर बसवलं असतं तर सगळ्यांचीच सोय झाली असती. नेमबाजीच्या मासिकांपुरतं अडून न राहता त्या काळची घरगुती मासिकंही चाळावीत ती असल्या जाहिरातींसाठी. 'डेझी'च्या छर्‍याच्या बंदुकांच्या जाहिरातीही पोरांच्या मासिकांत सापडतात. ही कंपनी मुळात मिशिगनमधल्या प्लिमथ गावी पवनचक्क्या बनवायची. चक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला वर एक छर्‍याची बंदूक भेट म्हणून द्यायला लागली. शेतकऱ्यांना भेटच जास्त आवडली आणि चक्क्या मागे पडल्या.

आता 'अमेरिकन रायफलमन'चा फेब्रुवारी १९६३ चा अंक. तो सापडला तर आधी दार लावून घ्यावं. त्यात शिकागोच्या क्लाइन्स दुकानाची जाहिरात आहे: दुर्बीण बसवलेली इटालियन रायफल, १९ डॉलर ९५ सेंट. टपालखर्च दीड डॉलर. कुपन कापा, पैसे भरा, रायफल घरपोच. मार्चमध्ये डलासहून ए. हायडेल या नावानं एक कुपन आलं. दुकानानं जाहिरातीतल्या ३६ इंचीऐवजी ४० इंची रायफल पाठवली. गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. त्याचं खरं नाव ली हार्वी ऑस्वाल्ड. नोव्हेंबरात केनेडींची हत्या झाली आणि त्या कुपनाची मायक्रोफिल्म हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या पुराव्यांत जाऊन बसली. पुढे १९६८ च्या कायद्यानं टपालानं बंदूक मागवायची ही सोय बंद केली. म्हणून १९६८ च्या आधीचे अंक एका कपाटात आणि नंतरचे दुसऱ्यात ठेवावेत. पहिल्या कपाटातल्या जाहिराती वाचकाला पैसे पाठवायला सांगतात, दुसऱ्यातल्या जवळच्या विक्रेत्याकडे जायला. या फरकावर अंकातल्या शंभर अग्रलेखांपेक्षा माझा जास्त विश्वास आहे.

आपल्याकडचा धागा शोधणाऱ्यांनी परदेशी शिकाऱ्यांसाठीच्या छोट्या, चौकटीतल्या जाहिराती भिंगाखाली घालाव्यात. पन्नाशीच्या दशकात नागपूरची ऑल्विन कूपर ही कंपनी पाहुण्यांना वाघाच्या शिकारीला नेत असे. ती काढली विद्याचरण शुक्लांनी. हेच पुढे आणीबाणीत माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी नेम वर्तमानपत्रांवर धरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असल्या शिकारीचा धंदा संपला. त्यामुळे एखाद्या चौकटीत 'नागपूर' दिसलं तर किंमत न विचारता अंक उचलावा.

साठवणीबद्दल थोडक्यात: चिकटपट्टी नको, रबरबँड नको, ओल तर नकोच; गुळगुळीत कागदाची पानं ओलीनं एकमेकांना चिकटतात आणि मग सोडवताना दोन्ही जातात. स्टेपलला गंज आला असेल तर आसपासचा कागद तपासावा. पत्त्याची चिठ्ठी खरवडू नये. जुना मालक कोण होता हे सांगणारा तोच एक पुरावा असतो, आणि त्याचा मुलगा शेजारच्याच गल्लीत राहत असेल तर बाकीचा गठ्ठाही मिळतो.

शेवटचा विषय कापाकापीचा. काही विक्रेते अंक फाडतात आणि एकेक जाहिरात काचेच्या चौकटीत घालून विकतात. त्यांच्याकडे जायचं नाही असं ठरवून सगळेच जातात. गेलातच तर चौकट उलटी करून मागचा पुठ्ठा काढायला सांगावा. जाहिरातीच्या पाठीमागे कोरा कागद दिसला तर जाहिरात कालपरवा छापलेली आहे. मागे अर्धं हरीण आणि कुणा वाचकाच्या तक्रारपत्राचा फक्त शेवट असेल तर माल अस्सल. तक्रार कशाबद्दल होती हे मात्र आदल्या पानावर असणार. तेव्हा तो अंक, महिना आणि साल टिपून घ्यावं, आणि येत्या शनिवारी सकाळी लवकर निघावं.