आपल्याकडे लागतो कुठं?

गाडीतला हीटर म्हणजे आहेरात आलेला लेमन सेट. आहे हे माहीत असतं, वापरायची वेळ येत नाही. पुण्यात ते बटण वर्षभर निळ्या खुणेवर मुक्काम ठोकून असतं. मग डिसेंबरात पाषाणचा पारा 8-9 अंशांवर येतो, आपण मोठ्या ऐटीत बटण लाल खुणेवर नेतो आणि आतून गार वारा सुटतो.

थंडीची तक्रार तरी कुठे करणार? 1928 मध्ये हवामान खातं सिमल्याहून इथं आलं, तेव्हापासून आमच्या वेधशाळेचंच नाव सिमला ऑफिस. शिवाय ‘ही कसली थंडी! 1935 च्या जानेवारीत पारा 1.7 वर गेला होता,’ असं माकडटोपीतून ऐकवणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात.

आमच्या पार्किंगमध्ये लगेच तज्ज्ञ जमले. एकाचं निदान बॅटरी, दुसऱ्याचं पेट्रोल, तिसऱ्याचं महापालिका.

मेकॅनिकने मात्र बॉनेट उघडलं, इंजिन तापू दिलं आणि डॅशबोर्डकडे जाणारे दोन रबरी पाइप चाचपले. ‘‘साहेब, हीटर स्वतः काही तापवत नाही. इंजिनाचं गरम कूलंट आत फिरतं, त्यावरून पंखा हवा सोडतो. दोन्ही पाइप चटका देत असते, तर आतला फ्लॅप अडकला म्हणालो असतो. एक गरम, एक गार, तर हीटरचा कोअर चोकअप. लोक वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओततात. तुमचे दोन्ही कोमट. तापमानाचा काटाही वर चढत नाही. थर्मोस्टॅट बघू.’’

खोलून बघितलं, तर थर्मोस्टॅट जागेवरच नव्हता! मे महिन्यात खंबाटकी घाटात गाडी तापली, तेव्हा वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने तो काढून टाकला होता. वर ‘आपल्याकडे लागतो कुठं?’ हा शेराही दिला होता. वास्तविक कूलंट 80-90 अंशांपर्यंत तापेस्तोवर त्याची रेडिएटरकडची वाट हा अडवून धरतो. तोच नसेल तर इंजिन थंडीत कुडकुडतं, पेट्रोल जास्त पितं आणि हीटरला द्यायला उष्णता उरत नाही.

नवा थर्मोस्टॅट बसला आणि काकांनी माकडटोपी काढली.

तेव्हा वाचकहो, ‘आपल्याकडे लागत नाही’ म्हणून मेकॅनिकने गाडीचा कुठलाही भाग तुमच्या हातावर ठेवला, तर तो तिथल्या तिथे परत बसवून घ्या. गाडी बनवणाऱ्याने तो हौस म्हणून लावलेला नसतो.