रोखे दाखवा

धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यातल्या ढोकीत कुणाची म्हैस चोरीला गेली, तर दिवस उजाडायच्या आत निम्मं गाव चोराच्या मागावर असतं. उस्मानाबाद जिल्हा मध्यवर्ती बँकेचे ३० कोटी होम ट्रेडमध्ये अडकले, तेव्हा कोण धावलं?

प्रकरण २००२ साली उघड झालं. होम ट्रेड ही दलालीची कंपनी, कचेरी नवी मुंबईतल्या वाशीला. जाहिरातीत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन. नागपूर, वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकांनी सरकारी रोखे घेण्यासाठी पैसे दिले. पैसे पोहोचले. रोखे आलेच नाहीत.

कुलूप तुटलं नाही, तिजोरी फुटली नाही. पैसे बँकांनीच पाठवले, रीतसर सह्या करून. ‘रोखे दाखवा’ एवढं वेळेत कुणी ठणकावून विचारलं असतं, तर?

दोनच शब्द होते.

हा पैसा कुणाचा? विविध कार्यकारी सोसायटीचा, ठेवीदार म्हातारीचा, उसाचं बिल खात्यावर ठेवणाऱ्या शेतकऱ्याचा. पीककर्ज हातात पडलं नाही म्हणून मृग थांबत नाही. बियाणं तर घ्यायचंच असतं. मग माणूस सावकाराच्या ओट्यावर जातो आणि तिथं व्याज महिन्याच्या हिशेबानं चालतं. वाशीत बुडालेल्या रकमेचं व्याज असं शिवारात फेडलं जातं. याचा पंचनामा कोणत्या ठाण्यात होतो?

ढोकीचा तेरणा साखर कारखाना पुढं बरीच वर्षं बंद राहिला. तो होम ट्रेडनं बंद पाडला, असं मी म्हणत नाही. त्याची दुखणी वेगळी. बँकेचं मोठं कर्ज तेरणा आणि तुळजाभवानी या कारखान्यांकडे थकलं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण बँक आणि कारखाना, दोन्ही एकाच शेतकऱ्याच्या जिवावर उभे होते. बँकेला पैशाची नड होती तेव्हा हातातले ३० कोटी कुठं होते? आणि कारखाना बंद म्हणजे नुसता ऊस अडत नाही. तोडणी टोळी फिरकत नाही, ट्रॅक्टरचे हप्ते थकतात, चौकातलं हॉटेल संध्याकाळीच झाकतं, पोरगं पुण्याची गाडी धरतं.

यातला एकही जण फिर्यादी नाही.

नागपूर बँकेच्या खटल्याचा निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ ला. तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार आणि इतर पाच जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली, केदारांची आमदारकी गेली. मग अपील आलं, जामीन आला. गुन्हा उघड झाल्यापासून पहिल्या निकालापर्यंत एकवीस वर्षं. ठेवीदार म्हातारीनं तोवर जगायचं कसं?

निकालाची वाट बघण्यापेक्षा बँकेच्या, सोसायटीच्या वार्षिक सभेकडे बघा. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. विषय वाचून होत नाही तोच मागून ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो आणि लोक जेवणाच्या रांगेत जातात. ताळेबंदाचं पान उघडलेलंही नसतं. सहकार कायद्याचं कलम ३२ सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद बघू देतं, संचालक मंडळाच्या सभांचं इतिवृत्तही बघू देतं. फुकट. पैसे कुठं गुंतवायचे हे ठरतं त्याच सभांत.

तुमच्या सोसायटीत ते इतिवृत्त शेवटचं कुणी मागितलं होतं?