पालकातले काका

प्रयोगशाळेच्या फ्रीझरमधली ती छोटी कुपी म्हणजे पालकाचाच ऐवज. कोवळी पानं धुऊन, मधल्या शिरा काढून, बर्फगार द्रावणात मिक्सरला फिरवायची, मलमलीतून गाळायची आणि त्या हिरव्या पाण्यात अमोनियम सल्फेट घालत जायचं, की प्रथिनांचा साका तळाशी बसतो. त्यातलं रुबिस्को हे विकर वेगळं करून गोठणबिंदूखाली जपतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या वाटेला लावणं हे त्याचं काम. आपल्या ताटातला जवळजवळ प्रत्येक घास त्याच्या हाताखालून आलेला.

एवढ्या कर्तबगारीला चपळाई किती? आपल्या रक्तातलं कार्बॉनिक अनहायड्रेज सेकंदाला दहा लाखांच्या घरात रेणू हातावेगळे करतं. पालकाचं रुबिस्को जेमतेम तीन! त्यातही चार-पाच खेपांत एकदा कार्बन डायऑक्साइड सोडून ऑक्सिजनच धरतं, आणि तो घोळ निस्तरता निस्तरता झाडाची कमाई खर्ची पडते.

लग्नघरात असे एक काका असतातच. जिलबी मागावी तर मठ्ठा वाढतात, आणि चहा झाल्याशिवाय जागचे हलत नाहीत. कुपीतले काकाही प्रयोगाआधी बायकार्बोनेट आणि मॅग्नेशियमच्या द्रावणात थोडा वेळ बसवावे लागतात. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आधी अंगाला लावून घेतात. तो साखरेसाठी नव्हे, मानपानाचा.

बिचारे कामाला लागले तेव्हा हवेत ऑक्सिजन नावापुरताच होता. चुकायला वावच नव्हता. पुढे हवा बदलली, काका तेच राहिले. झाडांनी त्यांना काढलं नाही, उलट संख्या वाढवली. 1947 मध्ये वाइल्डमन आणि बॉनर या संशोधकांना पालकाच्या पानात एकच प्रथिन इतकं सापडलं, की त्यांनी त्याला सरळ पहिल्या नंबरावर बसवलं. ते हेच.

खरं शहाणपण केलं ज्वारीनं आणि उसानं. त्यांनी काकांना आतल्या खोलीत बसवलं आणि पुढ्यात कार्बन डायऑक्साइडचाच ढीग लावला. ऑक्सिजनची गाठ पडलीच तर क्वचित. मग चुकणार कसे?

संशोधक अजूनही काकांना चपळ करायच्या खटपटीत आहेत. त्यांना यश येवो. मी मात्र घरच्यांचे स्वभाव बदलायचा नाद सोडला आहे. मठ्ठ्याचं भांडं कुठे ठेवायचं, एवढंच बघतो.