जिभाऊंचा मिसळणाचा डबा

सुरतेच्या लिंबायतमध्ये माझं मेडिकल आहे. दुकानावरची पाटी गुजराती, हिशेबाची वही मराठी आणि निम्म्या गिऱ्हाइकांशी बोलणं अहिराणीत. या दुकानाच्या पायरीवर रोज संध्याकाळी जिभाऊ येऊन बसतात. उधन्याच्या लूमच्या खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. कानात अजून माग चालू आहेत, त्यामुळे त्यांची कुजबुजही रस्त्यापलीकडच्या लोचोवाल्याला ऐकू जाते. एखादी बाई खालमानेनं चिठ्ठी पुढे करते आणि पायरीवरून आवाज येतो, "पोटना तरास शे का, ताई?"

जिभाऊंकडे पदवी नाही. त्यांच्याकडे मिसळणाचा डबा आहे. अक्षरशः. काकूंनी नवा घेतला तेव्हा सात वाट्यांचा जुना स्टीलचा डबा यांच्या वाट्याला आला. झाकण काढलं की अजून हळद-हिंगाचा वास येतो आणि मधल्या वाटीतल्या पांढऱ्या गोळ्या कडेनं पिवळसर दिसतात. एका वाटीत 'गरम' गोळ्या, म्हणजे खाल्ल्यावर तोंड येतं त्या. एकीत 'थंड'. एकीत ताकदीच्या, तिथे लाल, पिवळं काहीही चालतं. चौथीत लाल रेघेच्या. पाचवीत पाहुण्यांच्या, गावाहून आलेले लोक उशाशी विसरून गेले त्या. सहावीत फक्त कॅप्सूल. आणि मधल्या वाटीत "कोणालेबी चालतीन" अशा.

गोळ्या वाटीत मावाव्यात म्हणून ते पत्ता कात्रीनं कापतात. एका तुकड्यावर नुसतं 'मॉल ६५०' उरतं, दुसऱ्यावर 'टामो'. तारीख बहुतेक कचऱ्यात जाते. मी एकदा विचारलं, "जिभाऊ, मुदत कशी कळणार?" तर म्हणाले, "तारीखच नही, मंग मुदत कशी सरी?"

औषधांचे वर्ग पाडण्याच्या तऱ्हा कॉलेजात आम्हाला पुष्कळ शिकवल्या: कुठल्या रोगावर चालतं, शरीरात जाऊन काय करतं, त्याची रासायनिक घडण कशी. काउंटरमागे मात्र १९४० चा कायदा आणि १९४५ चे नियम. त्यातलं 'शेड्यूल एच' म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. 'एच वन' म्हणजे चिठ्ठी तर हवीच, वर डॉक्टरचं, रोग्याचं नाव वहीत उतरवायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. 'एक्स' म्हणजे कुलपात ठेवायचं, चिठ्ठीच्या दोन प्रती घ्यायच्या. जिभाऊंना हे सगळं मी भक्तिभावानं ऐकवलं. त्यांनी चौथी वाटी पुढे केली. "म्हंजे लाल रेघ भारी मालले ऱ्हास ना?"

मी म्हटलं, लाल रेघ मनानं घेऊ नका म्हणून असते. ते हसले. साडीच्या काठाला जर असते तशी त्यांच्या लेखी गोळीला रेघ असते.

आमच्यातला खरा फरक मला फार उशिरा कळला. कायदा विचारतो, ही गोळी कोणी कोणाला द्यायची? जिभाऊ विचारतात, ही कोणाला लागू पडली? पाचव्या वाटीतला एक तुकडा 'नंदुरबारच्या साडूची गोळी' याच नावानं ओळखला जातो. साडूंना काय झालं होतं ते कोणाला आठवत नाही, पण दुसऱ्या दिवशी ते पॅसेंजरनं धडधाकट परत गेले.

कॅप्सूलच्या वाटीचा इतिहास मोठा आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची हाक उठली, लाखो लोक मिळेल त्या गाडीनं पळाले आणि गावातली टेट्रासायक्लीन संपली. जिभाऊ पळाले नाहीत. रात्रभर रांगेत उभे राहून त्यांनी दहा कॅप्सूल मिळवल्या आणि गल्लीत मोजून एकेकाला एकेक दिली. (टेट्रासायक्लीन दिवसातून अनेकदा, कितीतरी दिवस घ्यावी लागते. असो.) गल्लीत कोणालाच प्लेग झाला नाही, तो त्या गल्लीत आलाच नव्हता, हा मुद्दा जिभाऊ मान्य करत नाहीत. दहावी कॅप्सूल अजून वाटीत आहे. मुदत सरलेल्या टेट्रासायक्लीननं मूत्रपिंडं दुखावल्याच्या नोंदी आहेत, असं मी सांगितलं. तेव्हापासून ते ती देत नाहीत, फक्त दाखवतात.

कायद्यानं मला एकदाच तोंडघशी पाडलं. त्याच्या व्याख्येत रिकामी जिलेटिनची कॅप्सूलसुद्धा 'औषध' आहे, आणि अंगाला लावायचं डासांचं मलमही. हे मी बोलून गेलो मात्र! "रिकामी बी दवा?" जिभाऊ उठून उभे राहिले. "आन मनी भरेल वाटी दवा नही?" दुसऱ्या दिवशी ते आणखी एक कलम शोधून आले, कोणा शिकलेल्या पुतण्याकडून: हजारापर्यंत वस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, ग्राइप वॉटर, मलमं यांसारखी घरगुती औषधं परवान्याविना विकता येतात. त्यांचं शिंदखेडा तालुक्यातलं गाव नऊशेचं. म्हणजे डबा कायदेशीर! मी म्हटलं, पाकीट मूळचं, न फोडलेलं लागतं. जिभाऊंनी कात्री खिशात सारली.

गेल्या महिन्यात काकूंनी त्यांना बळेच दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ते चिठ्ठी घेऊन आले, आयुष्यातली पहिली. मी रक्तदाबाची गोळी दिली. त्यांनी डबा मांडीवर घेतला.

"गरम शे का थंड?"

"दोन्ही नाही."

"ताकदनी?"

"नाही. रोज सकाळी एक. कायमची."

त्यांनी सातही वाट्या बोटानं फिरवून पाहिल्या. पत्ता कापला नाही, हे विशेष. बऱ्याच वेळानं त्यांनी हळू आवाजात विचारलं, म्हणजे लोचोवाल्यानं मान वर केली. "कोणाले लागू पडनी ही?"

"मला, जिभाऊ. चार वर्षं हीच घेतो."

त्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. वाढलेलं पोट, चष्मा, टक्कल. मग पत्ता अलगद काउंटरवर माझ्याकडे सरकवला.

"दुसरी काही देखाड."