टेपचं दुसरं टोक

आमच्या दिगूला मी गेली दोन वर्षं टाळ्या वाजवतानाच पाहतोय. कौतुकाच्या नव्हेत, कौतुक त्याला स्वतःखेरीज कुणाचं फारसं वाटत नाही. कुठल्याही नव्या जागेत शिरला की चपला काढायच्या आधी तो एकच टाळी वाजवतो, खणखणीत, आणि मान तिरपी करून ऐकत उभा राहतो. मंगल कार्यालयात वाजवली तेव्हा वाढप्यांना वाटलं, पंगत बसवायची. विजापूरला गोल घुमटात माणसं हौसेने नावं पुकारत होती, तिथे हा घड्याळ काढून टाळी मोजत होता. इथवर ठीक. पण एका वर्गमित्राचे वडील गेले म्हणून भेटायला गेलो, तर दिवाण-खुर्च्या हलवून बैठकीची खोली मोकळी केलेली. धोका ओळखून मी त्याचा हात घट्ट धरून बसलो. पाणी प्यायला म्हणून त्याने तो सोडवून घेतला आणि वाजवलीच. "एक पूर्णांक दोन सेकंद," माझ्या कानात कुजबुजला. दुःखाने याच्या डोक्यावर परिणाम झाला असं समजून घरातली मंडळी आणखीच रडू लागली.

दिगू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला. नोकरीच्या काळात बंगल्याबंगल्यांतून मुक्काम पडायचे, सोबतीला पेटी. तेवढ्या वर्षांत त्याने पन्नासेक अभंगांना चाली लावल्या. चाली चांगल्या आहेत, हे मी मित्र म्हणून सांगत नाही. मित्र म्हणून सांगण्यासारखं पुढे बरंच आहे. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा त्याने सांगलीला विश्रामबागेच्या पुढे घर बांधलं आणि गच्चीवर एक खोली चढवली. तिचं नाव स्टुडिओ. तिथे अभंग रेकॉर्ड व्हायचे होते.

काही माणसांचा जीव कामात नसतो, कामाच्या तयारीत असतो. आंबे आणायच्या आधी ती अढीचं गवत निवडतात. आत्मचरित्र लिहायचं म्हणून वर्षभर शाई बदलतात. त्यांना आळशी म्हणाल तर फसाल, कारण दिवसभर ती घामाघूम असतात. आणि अशा प्रत्येक माणसाला टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस लागतो. ते टोक गेली दोन वर्षं माझ्या हातात आहे.

खोली बांधणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने मन लावून काम केलं, तिथेच घोटाळा झाला. दहा बाय दहा, उंचीही दहा. कुठेही गुण्या लावा, केसाएवढा फरक नाही. स्लॅब पडला, पाणी मारून झालं, रंग झाला आणि त्यानंतर दिगूने ध्वनिशास्त्राचं पुस्तक उघडलं. पहिल्याच प्रकरणात लिहिलं होतं की घनाकृती खोलीइतकी वाईट खोली नाही. त्या रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर. भिंतीपासून भिंत 3.05 मीटर. दुप्पट करून भाग." मी झोपेत होतो, भागलं नाही. "56 हर्ट्झ! लांबीला 56, रुंदीला 56, उंचीलाही 56! तीन कालवे एकाच विहिरीत सोडल्यात रे मी!"

दुसऱ्या दिवशी पुतण्याला डग्गा घेऊन बसवलं. त्याने एक थाप मारली आणि खोलीने हत्तीसारखी ढेकर दिली. गंमत अशी की तोच डग्गा मी खोलीच्या मधोमध उभा राहून ऐकला तर घुमारा जवळजवळ गायब, आणि कोपऱ्यात जाऊन ऐकला तर छातीत धडधड. दिगूने ते लगेच खात्याच्या भाषेत बसवलं. "धरणाचा गाळ कसा, तसा खर्ज कोपऱ्यात साठतो. गाळ काढायचा तर कोपऱ्यातच उतरायला पाहिजे." म्हणजे चारही कोपरे जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलने भरायचे.

तीन भरले. चौथा ईशान्येचा होता.

दिगूची आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती जिना चढून वर आली, दम घेतला आणि म्हणाली, "ईशान्य भरायची नाही. तिथे देवाचं पाणी." दिगूने तिला तरंगलांबी समजावली. 56 हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते, तिचा चौथा हिस्सा धरला तरी दीड मीटर होतो, मग कोपरा मोकळा सोडून चालेल का? आईने सगळं नीट ऐकून घेतलं. "एवढी मोठी लाट आहे तर तिला जायला वाट नको का?" या प्रश्नाला त्या पुस्तकात उत्तर नव्हतं. चौथ्या कोपऱ्यात आज तांब्याचा गडू आहे.

पॅनेल करायचं ठरलं तेव्हा आम्ही कापडाच्या दुकानात गेलो. वरच्या कापडातून हवा आरपार गेली पाहिजे, नाहीतर आवाज आतल्या लोकरीपर्यंत पोचणारच नाही, हे तत्त्व. ते बरोबरच आहे. पण त्याची परीक्षा म्हणजे कापड तोंडाशी धरून जोरात फुंकर मारायची, आणि पलीकडे माझा गाल. टेरिकॉट नापास. पडद्याचं जाड कापड नापास. पॉपलीनला त्याने तीनदा संधी दिली. दुकानात नऊवारी घ्यायला आलेल्या दोघी बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. शेवटी दुकानदार आमच्याकडे न पाहता नोकराला म्हणाला, "मांजरपाट दाखव त्यांना, आणि लवकर दाखव." फुंकर लागली, गालाला गार वाटलं. मांजरपाट पास झाला. अठ्ठावीस मीटर घेतला.

रॉकवूल दोन इंच जाडीचं आणि 48 घनतेचं, कोल्हापूरहून मागवलं. फ्रेमा ठोकायला आलेल्या सुताराने ते हातात घेऊन पाहिलं, अंग खाजवलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "सायबांना थंडी लई वाजती का?" मध्यंतरी एका भाच्याने मामांवरच्या प्रेमापोटी अंड्यांचे तीस ट्रे गोळा करून आणले होते. त्याने खर्ज तसूभर हलत नाही, आणि आग लागली तर भुर्रकन पेटतात, ही दिगूची दोन्ही कारणं खरी आहेत. पण ट्रे कशाचे आहेत हे कळल्यावर आईने ते जिन्यावरूनच परत पाठवले, त्यामुळे शास्त्राला बोलायची वेळ आली नाही.

पॅनेल भिंतीवर नेमकं कुठे लावायचं, यासाठी आरसा लागतो. दिगू खुर्चीत बसणार, आणि मी भिंतीला आरसा टेकवून इंचाइंचाने सरकणार. ज्या जागी त्याला आरशात स्पीकर दिसेल, त्याच जागेवरून स्पीकरचा आवाज भिंतीला आपटून त्याच्या कानात येतो. तिथे पेन्सिलची खूण, तिथे पॅनेल. इतकी साधी, सुंदर गोष्ट मी शाळेत शिकलो असतो तर विज्ञानात नापास झालो नसतो. पण आरसा वहिनींचा होता, आणि त्यावर त्यांच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या.

"दिसला का?"

"थांब. डावीकडे घे. काहीतरी गोल, लाल दिसतंय."

"ती टिकली."

"मग खाली घे."

हे सव्वा तास चाललं. खूण सापडली ती नेमकी खिडकीच्या काचेवर. इतक्यात वहिनी हळदीकुंकवाला निघायच्या म्हणून आरसा शोधत वर आल्या. मी आरसा पोटाशी धरून खिडकीला चिकटलेलो आणि हा खुर्चीत बसून एक डोळा मिटून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणतोय, असं दृश्य त्यांनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत. आरशात पाहून कुंकू नीट केलं आणि खाली गेल्या.

या सगळ्यात एकदाच दिगूला मी तृप्त पाहिलंय. वास्तुशांतीच्या दिवशी. पंचवीसेक माणसं त्या खोलीत दाटीवाटीने उभी राहून आरती म्हणत होती. भिंतींवर तेव्हा काहीच नव्हतं, आणि तरी आवाज असा गोल, कोरडा, स्वच्छ येत होता की दिगूने डोळे मिटले. मग मला वॉलेस साबिनची गोष्ट सांगितली. 1895 साली हार्वर्डमधलं एक व्याख्यानगृह इतकं घुमायचं की शब्द कळेना, तेव्हा हा तरुण प्राध्यापक रात्री-रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरायला लागणारे सेकंद मोजायचा. शोषणाचं माप म्हणून त्याने धरली उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. "एक माणूस म्हणजे साधारण अर्धा चौरस मीटर उघडी खिडकी," दिगू म्हणाला. "आत्ता इथे बारा मीटर खिडकी उभी आहे." माणसं प्रसाद घेऊन निघाली तसतसा त्याचा चेहरा उतरत गेला. मला मात्र त्याने थांबवून घेतलं, अर्ध्या मीटरसाठी.

पॅनेलं लागली आणि खोली खरोखर शांत झाली. इतकी, की आजवर ऐकू न आलेलं सगळं ऐकू यायला लागलं: शेजारचा मिक्सर, पाण्याची मोटर, टाकी भरल्याचा सूर, आणि सकाळी दहाला हातगाडीवरच्या भोंग्यातून "भंगाऽर". आतला आवाज शोषणं वेगळं आणि बाहेरचा अडवणं वेगळं, हे त्याच्याच पुस्तकात होतं. बाहेरचा अडवायला वजन लागतं, जड भिंत, जड दार आणि दाराखालची फट बंद. ते प्रकरण सातवं होतं. तो सहाव्यावर होता.

अभंगांचं मी दर रविवारी विचारतो. पेटी कापडात गुंडाळलेली आहे, कारण उघडी पेटी मापात ढवळाढवळ करते. आजपर्यंत त्या स्टुडिओत 311 टाळ्या ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. प्रत्येकीपुढे तारीख, वेळ आणि पंखा चालू की बंद, अशी नोंद आहे. सगळ्या त्याच्याच.

येत्या रविवारपासून छताचं काम निघतंय, म्हणजे आरसा आता डोक्यावर धरायचा आहे, आणि माझा उजवा खांदा भरून आलाय. विश्रामबागेच्या बाजूला कुणी उंचेलं, मोकळं माणूस असेल तर सकाळी नऊपर्यंत यावं. चहा मिळेल. आरसा मात्र आपापला आणावा. वहिनींनी त्यांचा परत नेलाय.