दोन फासे जास्तीचे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळणाऱ्या माणसाची बेरीज एकाएकी सुधारते. फायरबॉलच्या आगीत सहा गॉब्लिन सापडले, सरासरी डॅमेज प्रत्येकी २८, एकूण १६८! हा आकडा तो मनात ठेवत नाही. टेबलावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात काढतो आणि मग आपला याच्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने पाण्याची बाटली उघडतो. मी याच जमातीतला, त्यामुळे टिंगलीचा हक्क माझ्याकडे आहे. तो आकडा फुगवलेला असतो. खेळाच्या २०१४च्या नियमांत साध्या गॉब्लिनचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, ७, म्हणजे सहा जणांचे मिळून ४२. उरलेले १२६ आम्ही मेलेल्यांना पुन्हा मारण्यात घालवले. एखाद्याने सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, साधून डॅमेज निम्म्यावर आणलं, तरी १४ उरतात. म्हणजे तो बिचारा फक्त दोनदाच मेला.

आता गॉब्लिनच्या जागी चार ओगर ठेवा. प्रत्येकाचे हिट पॉइंट ५९. तेच २८ प्रत्येकाला लागले, बेरीज ११२ झाली, बाटली उघडली गेली आणि पुढच्याच फेरीत चारही ओगर पहिल्याइतक्याच जोरात सोटे हाणू लागले. कारण या खेळात एक हिट पॉइंट उरलेला राक्षस आणि धडधाकट राक्षस यांच्या फटक्यात काडीचा फरक नसतो. आकडेमोडीत मुरलेले खेळाडू याच मुद्द्यावर बोट ठेवतात. त्यांचं म्हणणं असं की डॅमेजचे स्पेल हे हौशी लोकांचं काम. शहाण्याने शत्रूला निकामी करावं. फायरबॉल लागतो त्याच तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटमध्ये भूल घालणारा हिप्नॉटिक पॅटर्न बसतो. ओगर अकलेने आणि मनाने दोन्हीकडून बेताचा. पाचव्या लेव्हलच्या बऱ्यापैकी विझार्डसमोर तो पाचातून चार वेळा भुलतो. चारातले तीन तरी आ वासून उभे राहतात, आणि अंगाला चटका नाही. या हिशेबापुढे फायरबॉल म्हणजे निव्वळ दिवाळी.

फायरबॉलवर नियम लिहिणाऱ्यांनी उघड मेहेरबानी केली आहे, तरी हे असं. नवे स्पेल रचणाऱ्यांसाठी त्यांनीच दिलेल्या तक्त्यात तिसऱ्या लेव्हलच्या, अनेकांना लागणाऱ्या स्पेलला डॅमेजचे सहा फासे आहेत. फायरबॉलला आठ, म्हणजे पाचव्या लेव्हलच्या स्पेलचा भत्ता. लाडक्याला दोन फासे वर! याचं मूळ घराण्यात आहे. १९७१च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळात विझार्डचा अग्निगोळा मोठ्या कॅटपल्टच्या हिशेबाने पडायचा आणि वीज तोफेच्या हिशेबाने. अख्ख्या सैन्यावर टाकायचं हत्यार १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधून तळघरात उतरलं, चौघा-पाचजणांच्या भांडणात. गर्दीवर ते भारी पडतं आणि थोड्या दांडग्यांवर हलकं, यात नवल काहीच नाही.

आणि तळघर म्हटलं की मला याच खेळाचे १९७८चे नियम आठवतात, आणि इथे वाचकांनी थोडी कळ सोसावी. त्या नियमांत फायरबॉलला घनफळ होतं. सुमारे ३३,००० घनफूट आग, आणि ती जागेचा आकार घेत पसरायची. आता पाचशे चौरस फुटांचं, नऊ फूट उंचीचं बिऱ्हाड धरा: ४,५०० घनफूट. म्हणजे एका फायरबॉलला चाळीतली सात बिऱ्हाडं लागतात, आणि तीसुद्धा कार्पेट एरियाने, बिल्ट-अपने नव्हे. दहा फूट रुंद आणि तेवढ्याच उंच बोळात हीच आग भरली तर ३३० फूट लांब होते. मधोमध पडली तर दोन्हीकडे १६५. टाकणारा शंभर फुटांवर उभा असेल तर आग येऊन त्याची विचारपूस करते. मला हा नियम या खेळातला सर्वांत न्याय्य नियम वाटतो. ज्याला गर्व आहे त्याने आधी घनफळ काढावं! पुढे हिशेब सोपा करण्याच्या नादात आग शिस्तीत वीस फूट त्रिज्येत राहू लागली आणि विझार्डच्या डोक्यावरचा एकमेव वचक गेला.

असो. निकामी करणाऱ्या पंथाला उत्तर द्यायचं राहिलं. त्यांचं गणित बरोबर आहे, पण ते एकट्याचं आहे. पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या, तलवारीचा एक वार सरासरी साडेआठ. धडधाकट ओगर पाडायला सात वार, फायरबॉलने शेकलेला पाडायला चार. चार ओगरांमागे बारा वार वाचले, आणि फेरीला दोन वार धरले तर फायटरच्या सहा फेऱ्या. डॅमेजच्या स्पेलचा समतोल या मापाने मोजायला हवा: किती जाळलं यापेक्षा सोबत्याचं काम किती हलकं केलं. कोणी म्हणेल, भूल घातलेले ओगरही एकेक करून गाठता येतातच की. येतात, पण भूल टिकवायला विझार्डला एकाग्र राहावं लागतं, त्याला एक फटका बसला की सगळंच ओमफस् होऊ शकतं. आणि ती टिकली तरी ज्या ओगरला घाव लागतो तो तिथेच जागा होतो. म्हणून फायटरला सांगावं लागतं, त्याला हात लावू नकोस, यालाही नको, थांब.

ते ‘थांब’ मला खटकतं. फायटर खेळणारा माणूस बरेचदा टेबलावरचा सर्वांत शांत माणूस असतो. त्याच्याकडे स्पेलची पुस्तकं नसतात, त्याच्या पाळीला कोणी श्वास रोखत नाही. तो एक फासा टाकतो, लागलं का विचारतो, दुसरा टाकतो आणि पुन्हा अर्धा तास आमची घनफळं ऐकत बसतो. त्याच्या ओगरला आम्ही आधीच अर्धा शिजवून ठेवलेला असेल, तर त्याचा चौथा वार शेवटचा ठरतो, ओगर त्याच्या हातून पडतो आणि त्या क्षणी टेबल त्याच्याकडे बघतं. अर्थात आम्ही लगेच म्हणतोच, की अर्धा तर माझाच होता.

२०२४च्या सुधारित पुस्तकात जखम भरणाऱ्या स्पेलचे फासे वाढवले, इतर बरंच इकडचं तिकडे केलं, फायरबॉलच्या आठ फाशांना मात्र हात लावला नाही. तेव्हा माझी सूचना अशी: सहा फासे तक्त्याप्रमाणे विझार्डने टाकावेत आणि मेहेरबानीचे दोन फायटर खेळणाऱ्याच्या हातात द्यावेत. सरासरी तीच राहते, बेरीज तीच राहते, नियमाचा कानामात्राही बदलत नाही. हरकत घ्यायला एकच जागा उरते, ती म्हणजे आठ फाशांनी भरलेली मूठ सहा फाशांनी भरत नाही. या हरकतीचा मी गांभीर्याने विचार करतो आहे आणि तो पूर्ण होईपर्यंत आठही फासे माझ्याकडेच राहतील.