बाहुलीची मर्दुमकी

व्युत्पत्ती सांगण्याचे व्यसन तंबाखूपेक्षा वाईट. कारण तंबाखू खाणारा निदान पिंक टाकण्यापुरता तरी बोलायचा थांबतो. धुळे जिल्ह्यात या व्यसनास थोर परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे शब्दांची मुळे खणीत धुळ्यास राहिले आणि 31 डिसेंबर 1926 रोजी तेथेच निवर्तले. त्यांची विद्वत्ता त्यांच्याबरोबर गेली, आवेश तेवढा पांझरेच्या काठाने उलटा चढत पिंपळनेरास पोचला आणि माझ्यासारख्या पेन्शनर मास्तराच्या अंगात शिरला. कांद्याचा भाव पुकारला जात असता, 'लिलाव' हा शब्द मूळ पोर्तुगीज आहे, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आणि भाव पडला म्हणजे शेतकरी माझ्याकडे असे पाहतात, की जणू पोर्तुगीजांचा स्थानिक मुखत्यार मीच.

मात्र या विद्येचे खरे चीज होते ते नेत्रतपासणीच्या बाकावर. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातलेल्या माणसास बराच वेळ नीट वाचता येत नाही, उठून एकट्याने जाता येत नाही. असा श्रोतृवर्ग पूर्वपुण्याईवाचून लाभत नाही. आईचा मोतीबिंदू दाखविण्यास गेलो असता मी तेथे 'बाहुली' या विषयावर व्याख्यान दिले.

वास्तविक बाहुली म्हणजे एक भोक. भर उजेडात दोन मिलिमीटरांचे, अंधारात फार तर आठांचे. परंतु समोरच्याच्या डोळ्यात डोकावले, की त्यावर आपलीच चिमुकली आकृती दिसते, आणि मनुष्यजातीने तेवढ्यावरून त्या भोकाचे बारसे केले. अमरकोशात ती 'कनीनिका', 'कन्या' या शब्दाची सगोत्र; रोमन लोकांच्या 'प्यूपिला'चा अर्थ लहान मुलगी, बाहुली; ग्रीकांची 'कोरे' तीही कुमारीच. इंग्रजीत तर शाळकरी पोर आणि डोळ्यातली बाहुली या दोघांस 'प्यूपिल' हा एकच शब्द पुरतो, म्हणजे मी जन्मभर मुलांचे डोळे उघडीत नसून डोळ्यांनाच शिकवीत होतो!

आणि फारशी! फारशीत बाहुलीस 'मर्दुमक' म्हणतात, म्हणजे छोटा माणूस. याच 'मर्दुम'च्या घराण्यातील आपली 'मर्दुमकी'. पुढे मी किती वाहवलो ते विचारू नये: पानिपत झाले, अटक झाली, दप्तरांतल्या सनदा झाल्या, दस्तके झाली, आणि ज्या मर्दाची मर्दुमकी बखरकारांनी पानोपानी गाजविली तो फारशी डोळ्यात गव्हाच्या दाण्याहूनही लहान असतो, या सिद्धांतावर मी थांबलो, तेव्हा श्रोत्यांपैकी दोघे झोपले होते.

छांदोग्योपनिषदात प्रजापती देवांच्या इंद्राला आणि असुरांच्या विरोचनाला सांगतो, डोळ्यात जो पुरुष दिसतो तोच आत्मा. इंद्राला शंका येते, तो परत येतो; विरोचन मात्र पाण्यात आपले नटलेले प्रतिबिंब पाहून तृप्त मनाने घरी जातो. त्या विरोचनाची पिंपळनेरची शाखा मी चालवितो.

येथपर्यंत थट्टा. परंतु एका गोष्टीने मस्तक फिरते. आमच्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा 'डोया' होतो. आणि पोराने वहीत 'डोया' लिहिले, की शाळेत त्याभोवती तांबडे वर्तुळ पडते. सातासमुद्रापलीकडच्या शब्दास कोशात मानाचे पान, फारशीस दरबारी तैनात, आणि ज्या शब्दाने आईने पोराच्या डोळ्यात काजळ घातले तो अशुद्ध. हा न्याय कोणत्या अदालतीचा? माझ्या आईने आयुष्यात दुसऱ्या कोणत्या डोळ्याने जग पाहिलेले नाही.

व्याख्यान संपले तरी तिचा चेहरा कोराच होता. आता माझ्याकडे पाहून तुला काय दिसते, असे मी मुद्दाम, चार लोकांत, थोडे नाटकी स्वरात विचारले. मोतीबिंदूने तिची बाहुली राखाडी झालेली. तिच्यात माझी आकृती धड उमटत नव्हती.

"जोडे ये, मंग दिसशी," आई म्हणाली, "आनि बोलनं बंद कर."

जवळ गेलो. दुसरी आज्ञा पाळणे मात्र जमले नाही. कारण 'जोडे' हा शब्द कोठून आला, हे शेजारच्या गृहस्थास सांगावयाचे राहून गेले होते.